पाठीला माती

"कट!" वर्दे ओरडले आणि मी तोंडात गेलेली वाळू थुंकत उठलो.

मी पुन्हा पालथाच पडलो होतो. सदऱ्याखाली छातीला बांधलेल्या पिशव्या फुटून लाल रंग पोटापर्यंत ओघळला होता. समोर तिघे मारेकरी पिस्तुलं खाली करून उभे होते. त्यातला सगळ्यात क्रूर दिसणारा मुंबईच्या नाटकांत काम करणारा अत्यंत सभ्य मुलगा होता. त्याने हळूच विचारलं, "लागलं नाही ना, सर?"

दिग्दर्शक निशिकांत वर्दे उन्हाची टोपी काढून डोकं पुसत माझ्याजवळ आले. "सिद्धाप्पा, गोळी छातीत बसते. धक्का मागे बसतो. माणूस उताणा पडतो. मग हा येतो, छातीवर पाय ठेवतो आणि शेवटची गोळी घालतो. आपल्या सिनेमाचं पोस्टर आहे ते. तुम्ही पालथे पडलात तर तो पाय ठेवणार कुठे?"

"माणूस पुढे चाललेला असेल तर पुढेच पडतो, सर."

"फाइट मास्टरनी करून दाखवलं ना?"

"दाखवलं."

"मग भीती वाटते का? खाली एवढी वाळू पसरलीय. गादीसारखी आहे."

"भीती नाही. पाठीवर पडणार नाही, एवढंच."

दोरीपलीकडे गाव जमलं होतं. पुढच्या रांगेत आमच्या तालमीची पोरं होती. त्यांच्यातला एक जण ओरडला, "ओ सायेब, पैलवानाला उताणा पडायला सांगालाय व्हय? त्यापरास आमच्या म्हशीला लावणी म्हणायला सांगा, जमंल एकांद्या वेळंस!"

सगळे हसले. बाभळीच्या सावलीत पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले दौलतराव खराडेही हसले. त्यांच्या हसण्यानंतर बाकीच्यांचं हसणं मात्र थांबलं.

जागा होती वारणेच्या काठी, बोरसंगीच्या पुलाखालचा उतार. दोन वर्षांपूर्वी याच उतारावर तिघा भाडोत्री माणसांनी माझ्या थोरल्या भावाला, भैरूआण्णाला, गोळ्या घातल्या होत्या. आण्णा रोज पहाटे तालमीतून निघून नदीवर यायचा आणि वाळूच्या गाड्यांसमोर उभा राहायचा. एकटाच. पात्र उकरून उकरून गावाच्या विहिरी आटल्या होत्या. गाड्या दौलतरावांच्या होत्या. ते तिघे कुणी आणले हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोर्टात कुणालाच माहीत नव्हतं. तिघे निर्दोष सुटले. दौलतरावांचं नाव तर आरोपपत्रातसुद्धा नव्हतं.

वर्दे या खटल्याच्या तारखांना येऊन बसत. त्यांना त्या तिघांमध्ये रस होता. माणूस मारायला निघालेली माणसं वाटेत काय खातात, कशावरून भांडतात, काम झाल्यावर घरी फोन करून काय बोलतात, यावर त्यांनी सिनेमा लिहिला. नावं बदलली, जागा तीच ठेवली. जागेसाठी, गाड्यांसाठी, जनरेटरसाठी त्यांना दौलतरावांकडे जावं लागलं. दौलतरावांनी सगळं दिलं. पडणाऱ्याला लागू नये म्हणून वाळूसुद्धा त्यांनीच ट्रॉली भरून पाठवली. ती उतारावर जाड थर करून पसरली होती, इतकी भुसभुशीत की पाऊल घोट्यापर्यंत रुतायचं.

आण्णाचं काम करणाऱ्या नटाच्या कमरेत दुखणं होतं. पडण्यापुरता कुणी डुप्लिकेट हवा म्हणून वर्दे तालमीत आले, तेव्हा मी पुढे झालो. मी कोण आहे तेही त्यांना तिथेच सांगितलं. ते अवघडले. "तुम्हाला हे झेपेल?" त्यांनी विचारलं होतं. मी म्हणालो होतो, "दुसरं कुणीतरी माझ्या भावासारखं पडलेलं बघण्यापेक्षा झेपेल."

सकाळी घरातून निघताना आई चुलीपाशी होती. तिने वर न बघता एवढंच म्हटलं, "जा. पर पाठ सांभाळ."

वर्द्यांनी मला दंडाला धरून कॅमेऱ्यामागे नेलं. "आता खरं सांगा. मला समजून घ्यायचंय."

मी सांगितलं. कुस्तीत रक्त निघालं म्हणून कुणी हरत नाही. माणूस गुडघ्यावर आला, तोंडावर आपटला, तरी कुस्ती चालू असते. दोन्ही खांदे मातीला टेकले, पाठ लागली, की संपलं. भैरूआण्णाची पाठ उभ्या आयुष्यात कुणी लावली नव्हती. लहानपणी आम्ही दोघं भाऊ जत्रेतल्या कुस्त्या मारून घरी यायचो, तेव्हा आई नारळ, फेटा, बक्षीस काही विचारायची नाही. उंबऱ्यातच आम्हाला पाठमोरं उभं करायची आणि सदऱ्यावरून हात फिरवायची. माझ्या पाठीला कधी कधी माती असायची. आण्णाच्या पाठीला कधीच नसायची.

"पण मी फोटो पाहिलाय," वर्दे म्हणाले. "पेपरात आला होता. ते उताणेच पडले होते."

"फोटोत. पोलिसांनी ओळख पटवायला उलटं केलं होतं. इबूवस्ताद सगळ्यांच्या आधी पोचले होते, ते बघा, दोरीपाशी उभे आहेत. त्यांनी बघितलं तेव्हा आण्णा पालथा होता. एक पाय पुढे, दोन्ही मुठीत खडी. मारेकऱ्यांच्या अंगावर चालून जाताना पडला होता तो."

वर्द्यांनी दोरीकडे पाहिलं. इब्राहिम मुजावर, आमचे वस्ताद, काठीवर हनुवटी टेकून उभे होते. सत्तरी ओलांडली होती, पण मान अजून खांबासारखी होती.

"हे कोर्टात आलं नाही?"

"वस्तादांनी सांगितलं. वकील म्हणाला, पडण्याची दिशा हा मुद्दा नाही. पण गावात तोच मुद्दा होता, सर. फोटो छापून आला त्या दिवशी दौलतराव चावडीसमोर म्हणाले, एवढा मोठा पैलवान, शेवटी पाठ लागलीच की. ते वाक्य अजून फिरतं. तालमीत नवीन पोरं येतात, त्यांनाही ठाऊक असतं. आता तुमचं पोस्टर गावोगाव लागणार. माझ्या भावाच्या छातीवर पाय."

वर्द्यांनी बाभळीखालच्या खुर्चीकडे पाहिलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांची अडचण खरी होती. उद्या युनिट परत जाणार होतं, नटाच्या तारखा संपत होत्या, आणि ज्याच्या जिवावर हे सगळं उभं होतं तो माणूस सावलीत बसून आमच्याकडेच बघत होता.

"मला थोडा विचार करू दे," ते म्हणाले.

विचार करायला वेळ मिळाला नाही. दौलतराव स्वतःच उठून आले. पांढरा शर्ट, पांढरी पॅंट, पायांत करकरणाऱ्या चपला. त्यांचा आवाज नेहमी मऊ असायचा, कुणाचं तरी सांत्वन करत असल्यासारखा.

"काय अडलंय, वर्देसाहेब?"

"काही नाही दादा, जरा टेक्निकल..."

"टेक्निकल कसलं? आम्ही काय मुंबईचे न्हवं, पर माती ओळखतो की." ते माझ्याकडे वळले. मी ज्या कॉलेजात इतिहास शिकवायचो त्या संस्थेचे ते अध्यक्ष होते. दर वर्षी माझी नेमणूक नव्याने त्यांच्या सहीने व्हायची. "मास्तर, पाठ लागायला नको व्हय तुला?"

"नाही, दादा."

"नोकरी करणाऱ्याला एवढा ताठा बरा न्हवं. सोमवारी यायचंय न्हवं कॉलेजात?"

"यायचंय."

"मग पड की बाबा. खोटं खोटं तर पडायचंय. खरं पडणारं पडून गेलं."

दोरीपाशी कुणीतरी दात आवळून काहीतरी पुटपुटलं. मी तोंड उघडलं असतं तर हात आवरले नसते.

दौलतरावांनी माझ्या गप्प बसण्याचा त्यांच्या परीने अर्थ लावला. मग ते हसून वर्द्यांना म्हणाले, "असू द्या, असू द्या. गुरुजी माणूस, मन मोडू नका. त्याला पुढं पडायचंय ना, पुढं पडू द्या. माझी खुर्ची तेवढी तिकडं ठेवा. लांबनं बघून डोळं दुखाय लागलेत. जवळनं बघतो."

त्यांनी बोट दाखवलं ती जागा माझ्या खुणेच्या पलीकडे होती. मला जिथे पडायचं होतं तिथे वाळूत एक वीट पुरली होती. त्या विटेपासून जेमतेम पुरुषभर अंतरावर, अगदी समोर, त्यांच्या माणसाने खुर्ची आणून ठेवली.

"दादा, तिथे फ्रेममध्ये येईल," वर्दे म्हणाले.

कॅमेरामन चाचरत म्हणाला, "तसं येत नाही, सर. मी बाजूनं टाइट घेतो. फक्त यांची छाती आणि खांदे."

"बघा," दौलतराव म्हणाले आणि खुर्चीत बसले. पाय लांब केले. मग त्यांनी मला असं सांगितलं की दोरीपर्यंत ऐकू जावं. "चल मास्तर. आता पुढं पडलास तरी चालंल, मागं पडलास तरी चालंल."

गावाला कळायला क्षणसुद्धा लागला नाही. पुढे पडलो तर माझं कपाळ त्यांच्या चपलांपाशी येणार होतं. रंगाने माखलेला, हात पसरलेला, साष्टांग. मागे पडलो तर पाठ. तालमीच्या पोरांमधला सगळा आवाज गेला. म्हशीची थट्टा करणारा पोरगा खाली बघत होता.

नव्या पिशव्या बांधायला मी दोरीजवळ गेलो. एक मुलगी माझ्या छातीवर तारा चिकटवत होती. वस्ताद सरकत सरकत जवळ आले.

"काय करायचं, वस्ताद?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते खुर्चीकडे बघत होते. "तू इद्वान माणूस. मला काय इचारतोस?"

"तुम्हीच शिकवलंय म्हणून विचारतो."

"मी पडायला कवा शिकवलंय तुला?" ते म्हणाले. मग थोडं थांबून, "जा. समोरच्याच्या डोळ्यांत बघू नगंस. डोळं खोटं बोलत्यात. खांद्याकडं बघ."

हे ते आम्हाला लहानपणापासून सांगायचे. माणूस कुठे जाणार ते त्याचे खांदे आधी सांगतात.

मी उताराच्या खाली, पाण्याजवळ जाऊन उभा राहिलो. अंगात आण्णा घालायचा तसा खाकी सदरा होता. वर डाव्या हाताला ते तिघे, उजव्या हाताला कॅमेरा, आणि मधोमध वाळूतून वर गेलेली माझी वाट. वाटेच्या टोकाला खुर्ची.

"रोल... ॲक्शन!"

मी चालू लागलो. पहिली गोळी सुटली. छातीवरची पिशवी फुटली, गरम काहीतरी बरगडीवरून ओघळलं. ठरल्याप्रमाणे मी अडखळलो आणि पुढे चाललो. दुसरी गोळी. मी गुडघ्यावर आलो, हात टेकला, मुठीत वाळू आली. उठलो. तिसरी. ही शेवटची होती. इथून दोन पावलं लडखडत यायचं, वीट आली की कोसळायचं.

वीट आली. पायाला लागली. मी ती ओलांडली.

कुणी कट म्हणालं नाही. त्या तिघांपैकी एकानं गोंधळून पिस्तूल पुन्हा वर केलं. दौलतरावांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, फक्त त्यात आता कुणी नव्हतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं नाही. खांद्याकडे बघितलं.

"बास," ते खालच्या आवाजात म्हणाले.

मी पाऊल टाकलं.

"मास्तर, थांब. झालं काम तुझं."

माझ्या हनुवटीवरून रंग ठिबकत होता. माझ्यात आणि आण्णात तोंडावळ्याचं फार साम्य आहे असं सगळे म्हणतात. मला त्याचं कधी विशेष वाटलं नव्हतं. त्या घटकेला दौलतरावांच्या तोंडून जे निघालं ते 'मास्तर' नव्हतं.

"भैऱ्या," ते म्हणाले.

त्यांचे खांदे मागे गेले. मी आधी तेवढंच पाहिलं. मग खुर्चीचे मागचे दोन पाय वाळूत शिरले. त्यांनी सावरायला टाचा रोवून रेटा दिला, त्यामुळे ते पाय आणखी खोल गेले. खुर्ची एक क्षण तशीच तिरकी राहिली. त्यांचे दोन्ही हात हवेत काहीतरी धरायला शोधत होते. धरण्यासारखं तिथे फक्त मी होतो, आणि मी हात पुढे केला नाही.

ते मागे गेले. एक चप्पल उडून बाजूला पडली. दोन्ही खांदे, पाठ, डोकं, सगळं त्यांच्याच वाळूत टेकलं.

नदीचा आवाज ऐकू यावा इतकी शांतता झाली. माझ्यात आणि त्यांच्यात एक हाताचं अंतर होतं. मी उभा होतो.

मग काठीचा आवाज आला. इबूवस्ताद दोरीखालून वाकून आत येत होते. गावच्या जत्रेत पंच म्हणून ते कायम आखाड्यात असायचे, आणि आत्ताही त्यांची चाल पंचाचीच होती, संथ, कुणाची भीड नसलेली. दौलतराव कुशीवर वळण्याची धडपड करत होते. वस्ताद त्यांच्याशेजारी वाकले, खाली टेकलेल्या खांद्यांकडे नीट निरखून पाहिलं, आणि तळहात सपकन वाळूवर मारला.

नंतर त्यांनी माझं मनगट धरलं आणि हात वर उचलला.

तालमीच्या पोरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्यानंतर कुठल्याही मैदानात ऐकलेला नाही. मागे उभ्या असलेल्या बायकासुद्धा ओरडत होत्या. म्हशीवाला पोरगा दोरी ओलांडून नाचत होता.

दौलतरावांची माणसं धावली. दोघांनी त्यांना उभं केलं, तिसरा माझ्या अंगावर आला. वस्तादांनी काठी आडवी धरली.

"ह्यानं हात लावला का? सांग. लावला का हात?"

"म्हाताऱ्या, बाजूला हो!"

"मी हुतो. पर त्यो कॅमेरा कुटं बाजूला हुतोय? चालूच हाय अजून. काय करायचं ते त्याच्यासमोर करा."

तो माणूस थबकला. सगळ्यांच्याच माना कॅमेऱ्याकडे वळल्या. वर्दे त्याच्यामागे उभे होते, चेहऱ्याचा रंग उडालेला. एक शब्द त्यांनी उच्चारला असता तर यंत्र बंद झालं असतं. दौलतराव पाठीवरची वाळू झटकत होते, आणि ती घामाला चिकटून निघत नव्हती.

"वर्दे," ते म्हणाले. आता आवाज मऊ नव्हता. "बंद करा ते."

वर्द्यांनी टोपी डोक्यावर घातली. दौलतराव गाडीकडे चालू लागेपर्यंत, पांढऱ्या शर्टावरचा तो मातकट डाग गर्दीतून पार दिसेनासा होईपर्यंत ते थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "कट. शॉट ओके."

त्याच दुपारी जनरेटर गेला, गाड्या गेल्या, परवानगी गेली. युनिटने सामान बांधलं. राहिलेला भाग वर्द्यांनी दुसऱ्या कुठल्या तरी नदीवर पुरा केला. सिनेमा यथातथाच चालला. पण मरणाऱ्या माणसाचा तो प्रवेश लोकांच्या लक्षात राहिला. तीन गोळ्या खाऊन तो माणूस चालतच राहतो, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर निघून जातो, आणि पडताना दिसतच नाही. त्याच्या छातीवर कुणी पाय ठेवत नाही. पोस्टरवर नुसती वाळूतली पावलं होती.

गावात 'पाठ लागली' हे वाक्य अजूनही फिरतं. फक्त ते आता दुसऱ्याबद्दल असतं.

त्या संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा आई उंबऱ्यात उभी होती. बातमी माझ्या आधी पोचली असणार, पण तिने काही विचारलं नाही. छातीवरच्या रंगाकडे पाहिलं आणि बोटाने गोल खूण केली. मी पाठमोरा उभा राहिलो.

तिचा हात मानेपासून कमरेपर्यंत सावकाश फिरला. पुन्हा एकदा फिरला.

"आन् त्याची?" तिने विचारलं.

"लागली, आई. दोन्ही खांदे. वस्तादांनी बघितली."

ती आत गेली. खुंटीवर आण्णाचा सदरा होता. निकालानंतर पोलिसांनी तो परत दिला, तेव्हा त्याच्या पाठीवर माती होती, उलटं करताना लागलेली. आईने तो धुतला नव्हता. घरात कुणाला हातही लावू दिला नव्हता. त्या संध्याकाळी तिने तो खुंटीवरून काढला, न्हाणीतल्या दगडावर टाकला आणि पदर खोचून धुवायला बसली. मी पाणी ओतत होतो. आधी मातकट पाणी वाहिलं, मग तांबूस, मग नितळ.

तिने सदरा पिळून दोरीवर टाकला. समोरच्या बाजूला तीन भोकं होती. त्यातून मागची भिंत दिसत नव्हती, कारण मागचं कापड अख्खं होतं.

"वाळला की इस्त्री कर," आई म्हणाली. "सोमवारी कॉलेजात ह्योच घालून जा."

सोमवारी मी तोच घालून गेलो.